शिंपल्याची नक्षी आणि समुद्रावरून आलेली शेती: कार्डियल संस्कृतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भूमध्य समुद्राच्या काठावरच्या पहिल्या शेतकऱ्यांबद्दल जे प्रश्न सतत येत राहतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न अगदी नव्याने वाचणाऱ्यांसाठी आहेत. प्र. १२ पासून पुढे गुंतागुंत वाढत जाते. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल आणि जिथे विषय दुसऱ्या उत्तरात आला आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. कार्डियल संस्कृती म्हणजे नेमकं काय?

नवाश्मयुगाच्या सुरुवातीला भूमध्य समुद्राच्या उत्तर आणि पश्चिम किनाऱ्यांवर शेती, मेंढ्या-बकऱ्या आणि मातीची भांडी घेऊन पसरलेल्या लोकांची ही संस्कृती. एड्रियाटिक समुद्राच्या काठापासून इटली, दक्षिण फ्रान्स, स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्कोपर्यंत तिच्या खुणा सापडतात. ओल्या मातीवर शिंपल्याची कड दाबून केलेली नक्षी ही तिची ओळख. ज्या शिंपल्याने ही नक्षी केली जायची, त्याच्या कार्डियम या शास्त्रीय नावावरून संस्कृतीला नाव पडलं. हे लोक स्वतःला काय म्हणवत, कुठली भाषा बोलत, हे कळायला मार्ग नाही, कारण लिपी यायला अजून हजारो वर्षं होती.

२. ही संस्कृती किती जुनी?

ढोबळमानाने इ.स.पू. ६४०० ते ५००० च्या दरम्यानची. पूर्वेकडे आधी आणि पश्चिमेकडे नंतर, असा क्रम आहे. ग्रीसच्या कोर्फू बेटावर सिदारी इथे आणि डाल्मेशियाच्या (आजच्या क्रोएशियाच्या) किनाऱ्यावर सुरुवातीचे थर आहेत. दक्षिण इटलीत इ.स.पू. ६००० च्या सुमारास, दक्षिण फ्रान्समध्ये ५८०० च्या आसपास, तर पोर्तुगालमध्ये ५५०० ते ५४०० च्या दरम्यान हे लोक पोहोचले. इजिप्तचे पिरॅमिड यानंतर जवळजवळ तीन हजार वर्षांनी उभे राहिले.

३. कुठे 'इम्प्रेसा' लिहिलेलं असतं, कुठे 'कार्डियल'. दोन्ही एकच का?

एकाच कुटुंबातली आहेत, पण एकच नाहीत. इम्प्रेसा म्हणजे ओल्या मातीवर काहीही दाबून नक्षी केलेली भांडी. मग तो शिंपला असो, बोटाचं नख असो, टोकदार काडी असो की दातेरी फणी. हे नाव मुख्यतः इटली आणि एड्रियाटिकच्या संदर्भात वापरतात. कार्डियल म्हणजे त्यातली खास शिंपल्याची नक्षी, जी फ्रान्स आणि स्पेनमध्ये सर्वाधिक बहरली. सिसिलीत याच कुळातली पुढची शैली स्टेन्टिनेल्लो नावाने ओळखतात, आणि माल्टामधल्या गार दालामची सुरुवातीची भांडी तिच्याशी जुळतात. पश्चिमेकडे शिंपल्याचा वापर कमी होऊन खोबणीसारख्या रेषा आल्या, त्या टप्प्याला एपिकार्डियल म्हणतात. वाचताना लेखक कुठल्या देशातल्या उत्खननाबद्दल बोलतो आहे ते आधी पाहा, म्हणजे निम्मा गोंधळ कमी होतो.

४. शिंपल्याने नक्षी कशी करत? आणि ती शिंपल्याचीच आहे हे कसं ओळखतात?

आपल्याकडच्या तिसऱ्यांसारखाच हा दोन झडपांचा शिंपला, पण याच्या पाठीवर पंख्यासारख्या उभ्या धारा असतात आणि त्यामुळे कड दातेरी होते. ही कड ओल्या मातीवर सरळ दाबली की बारीक दातांची एक वक्र रेघ उमटते. कड टेकवून शिंपला डावी-उजवीकडे झुलवत पुढे नेला की नागमोडी पट्टा तयार होतो. कड मातीवरून ओढली तर शेजारी शेजारी समांतर रेषा पडतात. काही भांड्यांवर शिंपल्याचं टोकच टोचलेलं दिसतं.

खापर हातात घेऊन भिंगाखाली तिरप्या उजेडात धरलं की ठशाच्या तळाशी प्रत्येक दाताची गोलाई दिसते. फणीचे दात बहुधा एकसारखे आणि चौकोनी असतात, शिंपल्याचे मधोमध मोठे आणि कडेला बारीक होत जातात. झिजलेल्या खापरावर मात्र हा फरक सांगणं फार कठीण जातं, म्हणूनच जुन्या यादीतल्या काही 'कार्डियल' खापऱ्या पुन्हा तपासल्यावर फणीच्या निघाल्या. कित्येक ठशांमध्ये पांढरी किंवा तांबडी पूड भरलेली सापडते. म्हणजे ही भांडी नवी असताना तपकिरी पृष्ठभागावर रंगीत नक्षी उठून दिसत असणार. संग्रहालयातलं मळकट खापर पाहताना हा रंग मनात भरून पाहावा.

सगळ्यात देखणी कार्डियल भांडी स्पेनच्या वालेन्सिया प्रदेशातल्या कोवा दे लोर आणि कोवा दे ला सार्सा या गुहांमधून आली, असं माझं मत आहे. तिथल्या काही भांड्यांवर हात वर केलेल्या माणसांच्या आकृत्या आहेत, आणि तशाच आकृत्या जवळच्या प्ला दे पेत्राकोस इथल्या कातळावर रंगवलेल्या आढळतात. खापर आणि कातळचित्र यांची अशी सांगड बसणं दुर्मीळ. त्यामुळे त्या चित्रांचा काळ ठरवायला भांड्यांचाच आधार मिळाला.

५. भांडी चाकावर घडवत का?

नाही. कुंभाराचं चाक त्या प्रदेशात फार नंतर आलं. भांडी हातानेच घडवत, पण पद्धती वेगवेगळ्या होत्या. बऱ्याच ठिकाणी मातीच्या वळ्या एकावर एक रचत. वायव्य इटलीच्या लिगुरिया प्रदेशातली आरेने कान्दिदे गुहा आणि फ्रान्समधल्या पाँ द रोक-ओत इथल्या खापऱ्यांचं क्ष-किरणांनी परीक्षण केलं तेव्हा निराळीच रीत दिसली. मातीचे छोटे छोटे तुकडे एकमेकांना चिकटवत, गोल फिरत भांडं वर चढवलेलं होतं. नक्षी वरून बघून कोणीही उचलू शकतो. भांडं आतून कसं रचायचं हे मात्र घडवणाऱ्याच्या शेजारी बसल्याशिवाय शिकता येत नाही. म्हणून दूरदूरच्या दोन गावांत ही रीत जुळली की त्यांच्यात माणसांची ये-जा होती असं मानायला भक्कम आधार मिळतो.

६. हे लोक आले कुठून?

मूळ अनातोलिया (आजचं तुर्कस्तान) आणि एजियन समुद्राच्या परिसरातून. जुन्या सांगाड्यांच्या डीएनएवरून हे आता चांगलंच स्पष्ट झालं आहे. बार्सिलोनाजवळच्या कोवा बोनिका गुहेतल्या सुमारे ७४०० वर्षांपूर्वीच्या एका व्यक्तीचा जीनोम २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ती व्यक्ती आणि मध्य युरोपातले पहिले शेतकरी एकाच मुळातून आलेले निघाले. बाल्कन प्रदेशाच्या आसपास एका प्रवाहाने डॅन्यूब नदीची वाट धरली, दुसऱ्याने समुद्राची.

डीएनएच्या आधीही एक पुरावा होताच. पश्चिम युरोपात मेंढी आणि बकरी यांचे रानटी पूर्वज कधी नव्हतेच, गहू आणि जवाचेही नव्हते. सार्डिनिया, कोर्सिकासारख्या बेटांवर मेंढ्या पोहोचल्या त्या होडीत बसूनच.

७. त्यांच्या होड्या सापडल्या आहेत का?

हो, आणि या सगळ्या विषयातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा शोध हाच. रोमच्या वायव्येला ब्राच्चानो सरोवर आहे. तिथे १९८९ मध्ये पाइपलाइनच्या कामात ला मार्मोत्ता ही बुडालेली वस्ती सापडली. इ.स.पू. ५७०० ते ५१०० या काळातली. पाणी आणि गाळाखाली हवा न पोहोचल्यामुळे लाकडी खांब, विणलेल्या टोपल्या, दोरखंड, विळ्यांच्या मुठी, सगळं टिकलं. आणि त्यासोबत एकाच ओंडक्यातून कोरलेल्या पाच होड्या मिळाल्या.

पहिली होडी ओकच्या लाकडाची, जवळपास साडेदहा मीटर लांब. तळाशी आडवे कंगोरे मुद्दाम ठेवलेले आहेत. पोकळ ओंडक्याला त्यामुळे बळकटी येते. बाकीच्या होड्यांसाठी अल्डर, पॉप्लर आणि बीच ही झाडं वापरलेली आहेत, आणि प्रत्येक लाकूड कोरायला वेगळं. एका होडीजवळ इंग्रजी टी अक्षरासारख्या आकाराच्या, भोकं पाडलेल्या लाकडी वस्तू मिळाल्या. त्यांना दोर बांधून शीड ताणलेलं असावं किंवा दोन होड्या एकमेकींना जोडल्या असाव्यात, असा अंदाज २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे.

यावर हमखास येणारी शंका म्हणजे, 'सरोवरातल्या होड्या समुद्रप्रवासाचा पुरावा कशा?' शंका रास्त आहे. सरोवरातून निघणारी आर्रोने नदी सुमारे ३८ किलोमीटरवर समुद्राला मिळते. शिवाय वस्तीत ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीची काळी काच, मिळाली ती लिपारी आणि पाल्मारोला या बेटांवरची. बेटावरचा दगड समुद्र ओलांडल्याशिवाय येत नाही. या होडीची प्रतिकृती करून चेक संशोधकांनी १९९८ मध्ये भूमध्य समुद्रात किनाऱ्याकिनाऱ्याने प्रवासही केला. ती त्या पाण्यात तगून राहते एवढं त्यातून सिद्ध झालं. होड्या याच मापाच्या होत्या की आणखी मोठ्या, हे त्यातून ठरत नाही.

८. शेतीत काय पिकवत? जनावरं कोणती?

एमर आणि आइनकॉर्न हे सालीचे गहू, सोप्या मळणीचा उघड्या दाण्याचा गहू, जव आणि काही कडधान्यं. एमर म्हणजे सांगली-कोल्हापूर भागात आजही पिकतो तो आपला खपली गहूच. त्याच्या दाण्याला साल घट्ट चिकटून असते, कांडल्याशिवाय सुटत नाही, पण त्या सालीमुळेच तो साठवणीत चांगला टिकतो. होडीतून बियाणं न्यायचं तर ही गोष्ट लहान नव्हे.

जनावरांत मेंढ्या-बकऱ्या मुख्य, सोबत गुरं आणि डुकरं. दूधही वापरत. क्रोएशियात पोक्रोव्निक आणि दानिलो इथल्या खापऱ्यांमध्ये मुरलेल्या स्निग्ध पदार्थांची तपासणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. इम्प्रेसा काळातल्या भांड्यांत दुधाचे अंश मिळाले. चीजसारख्या आंबवलेल्या पदार्थाचे अंश मात्र त्यानंतरच्या दानिलो काळातल्या भांड्यांत आणि गाळण्यांत आहेत. बातम्यांमध्ये हे दोन टप्पे हमखास एकत्र होतात.

९. समुद्रकाठी राहायचे, मग मासे भरपूर खात असतील ना?

हे ऐकून बहुतेकांना नवल वाटतं, पण उत्तर बहुतांशी 'नाही' असं आहे. हाडांमधल्या कार्बन आणि नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून माणसाच्या आहारात समुद्री अन्न किती होतं याचा अंदाज येतो. या काळातल्या बहुतेक सांगाड्यांत समुद्री प्रथिनांचा ठसा फिका आहे. धान्य आणि जमिनीवरच्या प्राण्यांचं मांस-दूध हाच मुख्य आहार. शिंपले आणि माशांचे काटे वस्त्यांमध्ये मिळतात, पण पोट त्यावर भरत नव्हतं. समुद्र त्यांच्यासाठी वाट होती. शिंपल्यांचे मणी आणि भांड्यांची नक्षी यातून तो त्यांच्या घरात होताच.

१०. हे लोक गुहेत राहायचे की गावात?

दोन्हीकडे वावरायचे, पण गावातच राहायचे असं म्हणणं अधिक बरोबर. गुहांचं नाव जास्त ऐकू येतं कारण तिथे थर शाबूत राहतात आणि उत्खनन आधी तिथेच झालं. आरेने कान्दिदेमध्ये लुइजी बेर्नाबो ब्रेआ यांनी १९४० च्या दशकात केलेल्या उत्खननामुळे पश्चिम भूमध्य प्रदेशाच्या नवाश्मयुगाचा कालक्रम प्रथम नीट लावता आला. पण अशा अनेक गुहा मेंढ्यांच्या कोंडवाड्यासारख्या वापरल्या जात. लेंड्यांचे थर साचायचे, मग ते जाळून जागा साफ करायचे. पांढऱ्या राखेचा आणि काळपट मातीचा एकाआड एक पट्टा गुहेच्या छेदात स्पष्ट दिसतो.

गावांचं चित्र पाहायचं तर इटलीच्या पुलियातल्या तावोलिएरे मैदानाकडे वळावं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने काढलेल्या छायाचित्रांत जॉन ब्रॅडफर्ड यांना शेतांमध्ये गोल खंदकांच्या खुणा दिसल्या. बुजलेल्या खंदकात ओल टिकते, त्यावरचं पीक जास्त हिरवं राहतं, म्हणून वरून वर्तुळं उमटतात. अशा शेकडो वस्त्या निघाल्या. पास्सो दि कोर्वो ही त्यातली सर्वांत मोठ्या वस्त्यांपैकी एक. स्पेनमध्ये बान्योलेस सरोवराकाठी ला द्रागा इथे ओकचे खांब, खणायच्या काठ्या आणि यू झाडाची धनुष्यं मिळाली. युरोपातल्या नवाश्मयुगातली ही सर्वांत जुनी धनुष्यं मानली जातात.

११. मग किनाऱ्यावरच्या वस्त्या इतक्या कमी का सापडतात?

कारण तेव्हाचा किनारा आज पाण्यात आहे. हिमयुगानंतर वितळलेल्या बर्फामुळे समुद्र वर येतच होता आणि त्या काळी पाण्याची पातळी आजच्यापेक्षा कित्येक मीटर खाली होती. दक्षिण फ्रान्समध्ये ल्यूकातच्या खाजणात १९७२ मध्ये गाळ उपसताना कार्डियल कुळातली भांडी, दगडी अवजारं आणि प्राण्यांची हाडं वर आली. ड्रेजर चालला नसता तर ती वस्ती कळलीही नसती. नकाशावर जे रिकामे पट्टे दिसतात ते सगळे खरोखर रिकामे होते असं म्हणूनच समजू नये.

१२. क्रोएशियात समुद्राखाली सात हजार वर्षांपूर्वीचा रस्ता सापडला, तो यांचाच का?

नाही. कोर्चुला बेटाजवळ सोलिने इथला तो दगडी रस्ता २०२३ मध्ये गाजला. त्याचा काळ इ.स.पू. ४९०० च्या सुमाराचा आणि संस्कृती हवार. म्हणजे इम्प्रेसानंतर त्याच किनाऱ्यावर आलेला टप्पा. पाण्याखाली जाण्याचं कारण मात्र प्र. ११ मधलंच.

१३. काही ठिकाणी वाचलं की हा प्रसार हजार वर्षांत झाला, काही ठिकाणी दोनशे. खरं काय?

संपूर्ण पट्टा, म्हणजे कोर्फू ते पोर्तुगाल, धरला तर हजार वर्षांच्या आसपास. पण वेग सगळीकडे सारखा नव्हता. पोर्तुगीज पुरातत्त्वज्ञ जोआओ झिल्याओ यांनी २००१ मध्ये पश्चिम भूमध्य प्रदेशाच्या कार्बन-१४ तारखा (अवशेषांत उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून काढलेलं वय) पारखून घेतल्या आणि दाखवलं की इटलीच्या किनाऱ्यापासून पोर्तुगालपर्यंतचा टप्पा जेमतेम सहा पिढ्यांत पार झाला. दर पिढीला शेजारचं शेत धरत जाणाऱ्या लोकांना हा वेग जमत नाही. होडीने मधला किनारा सोडून पुढच्या चांगल्या मैदानावर उतरणाऱ्यांना जमतो.

तारखांत फरक पडतो तो नमुन्यांमुळे. जळक्या लाकडाची तारीख झाड कधी वाढलं ते सांगते, चूल कधी पेटली ते नाही. म्हाताऱ्या ओकच्या गाभ्याचा तुकडा असला तर शतकांची चूक होते. समुद्री शिंपल्यात जुना कार्बन मुरलेला असतो, त्यामुळे दुरुस्ती न करता त्याची तारीख सरासरी चारशे वर्षं जास्त जुनी येते. म्हणून आता मेंढीचं हाड किंवा गव्हाचा दाणा थेट मोजतात. एकच हंगाम जगलेला दाणा खोटं बोलायची शक्यता फार कमी. लेखात तारीख दिसली की ती कशाची आहे हे शोधायची सवय लावून घ्या.

१४. दक्षिण फ्रान्समध्ये शिकारी लोकांनीच मेंढ्या माणसाळवल्या, असं जुन्या पुस्तकात आहे. हे अजून मानतात का?

आता नाही. मार्सेलजवळच्या शातोनफ-ले-मार्तीग इथे मध्याश्मयुगीन, म्हणजे शेतीआधीच्या शिकाऱ्यांच्या काळातल्या, थरात मेंढीची हाडं मिळाल्याने ही कल्पना रुजली होती. पुढे कळलं की गुहेतले थर एकमेकांत मिसळले होते. माणसांनी खणलेले खड्डे आणि बिळं करणारे प्राणी वरचं हाड खाली नेऊ शकतात. मेंढीचा रानटी पूर्वज तिथे नव्हताच (प्र. ६), त्यामुळे दावा टिकला नाही. तरी या चुकीचा एक फायदा झाला. थर शाबूत आहे का, हा प्रश्न त्यानंतर कटाक्षाने विचारला जाऊ लागला.

१५. आधीपासून तिथे राहणाऱ्या शिकारी-संकलकांचं काय झालं?

सगळीकडे एकच कहाणी नाही. पोर्तुगालमध्ये टॅगस नदीच्या खोऱ्यात मूझ इथे शिंपल्यांचे प्रचंड ढीग आहेत, ते या लोकांचे. शेतकरी चुनखडीच्या डोंगराळ भागात आले, तेव्हा हे खाडीकाठी राहत होतेच, आणि काही शतकं दोघंही आपापल्या जागी नांदले. दक्षिण फ्रान्समधल्या पेंदिमूँ इथल्या सुरुवातीच्या शेतकऱ्यांच्या डीएनएत स्थानिक शिकाऱ्यांचा वाटा चांगलाच मोठा आहे, म्हणजे तिथे रोटी-बेटी व्यवहार लवकर सुरू झाला. मध्य युरोपात सुरुवातीला असं मिश्रण खूपच कमी दिसतं.

१६. हे सगळं प्रत्यक्ष कुठे पाहता येईल?

रोममधल्या म्युझिओ देल्ले चिविल्ता संग्रहालयात ला मार्मोत्ताची मोठी होडी आहे. कोवा दे लोरची भांडी वालेन्सियाच्या प्रागैतिहासिक संग्रहालयात, आरेने कान्दिदेच्या वस्तू जिनोव्हा-पेल्यीच्या लिगुरियन पुरातत्त्व संग्रहालयात. बान्योलेसला ला द्रागाच्या जागेवर त्या काळच्या झोपड्या पुन्हा उभारल्या आहेत. लहान मुलं बरोबर असतील तर तिथेच आधी जा. शेतात किंवा गुहेत खापर दिसलं तर उचलू नका. इटली आणि स्पेनमध्ये असे अवशेष कायद्याने सार्वजनिक मालकीचे आहेत, आणि जागेवरून हललेलं खापर निम्मी माहिती गमावतं.

१७. कार्डियल खापर सापडलं म्हणजे तिथे स्थलांतरित शेतकरी राहत होते, असं धरायचं का?

हाच सगळ्यांत अवघड प्रश्न, आणि त्याचं सर्वांत चांगलं उत्तर मोरोक्कोत मिळतं.

उत्तर मोरोक्कोतल्या इफ्री न'अम्र ओ'मूसा या ठिकाणी कार्डियल पद्धतीची भांडी आहेत. भांड्यांवर भरवसा ठेवला असता तर ही माणसं स्पेनहून आली म्हटलं असतं. पण २०१८ मध्ये त्यांचा डीएनए तपासला तेव्हा ती पूर्णपणे स्थानिक निघाली. त्याच प्रदेशात पंधरा हजार वर्षांपूर्वी ताफोराल्त गुहेत पुरलेल्या शिकाऱ्यांची वंशज. म्हणजे इथे भांडं शेजाऱ्याचं घेतलं, रक्त नाही.

आणि २०२३ मध्ये तांजिअर द्वीपकल्पातल्या काफ ताहत अल-घार या गुहेतल्या, सुमारे ७४०० वर्षांपूर्वीच्या माणसांचा अभ्यास आला. तिथे नेमकं उलट. त्यांची वंशावळ मुख्यतः युरोपातल्या शेतकऱ्यांची, थोडी स्थानिक मिसळण असलेली. ही माणसं जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडून आलेलीच होती. याहीनंतर सुमारे हजार वर्षांनी स्खिरात-रुआझी इथे पूर्वेकडून, म्हणजे लेव्हंटकडून (भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याचा प्रदेश) आलेल्या पशुपालकांचा वंश दिसतो.

थोडक्या अंतरात, एकाच प्रकारच्या नक्षीखाली, दोन वेगळी माणसं. म्हणून एखाद्या जागेबद्दल ठरवताना चार गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात. भांडं घडवायची रीत (प्र. ५), धान्य आणि जनावरं (प्र. ८), थेट मोजलेल्या तारखा (प्र. १३), आणि मिळाला तर डीएनए. चारही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर स्थलांतर म्हणायला हरकत नाही. नुसती नक्षी हाती असेल तर एवढंच म्हणता येतं की त्या जागी कोणीतरी शिंपल्याची कड ओल्या मातीवर दाबायला शिकलं होतं.